बोटांचे घट्टे

ढोकीहून त्या दिवशी मी धाराशिवला गेले, ती फक्त गिटारच्या तारा बदलायला. गिटार माझ्या नवऱ्याची, रणधीरची. गेल्या गाळप हंगामात धुक्यात त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली, आणि घरात सासूबाई, मी आणि ती गिटार एवढंच उरलं.

तो असताना रोज म्हणायचा, "सोप्पंय गं, शिकवतो तुला." कारखान्याच्या पाळ्यांतून वेळ कधी निघालाच नाही. वाजवून वाजवून त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते. गालावरून हात फिरवला की खरखरायचं, आणि मी "घासणी!" म्हणून तो हात ढकलून द्यायचे. आता त्याच घासणीसाठी जीव तुटतो, खोटं कशाला सांगू!

त्यानं माझ्यासाठी एक गाणं रचलं होतं. तेवढं तरी वाजवता यावं म्हणून मोबाईलवर बघून शिकायला बसले. सी, जी, डी या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुड्या, बऱ्या जमल्या. एफ मात्र हट्टी. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं, आणि आवाज निघायचा पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. पण संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की तीच एफ स्वच्छ वाजायची. रणधीर त्या भोंग्याच्या सुरावरच गिटार जुळवायचा. मला वाटायचं, सरावानं जमतंय.

दुकानदार गौरीशंकरकाका जुन्या तारा काढता काढता थबकले.

"एफ लई घोटलीय की! इथं तारा पार झिजल्यात. कोण वाजवतंय?"

"मीच."

त्यांनी माझी बोटं निरखून बघितली. "न्हाय हो ताई... एवढं दाबल्यावर घट्टे पडत्यात. तुमची बोटं तर लोण्यावानी मऊ हायती..."

एसटीनं घरी आले तेव्हा दिवस कलला होता. लाईट गेलेली. कंदील लावला, गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

भोंगा झाला. खोलीत कारखान्यातल्या मळीचा वास पसरला, त्याच्या कपड्यांना यायचा तसा. आणि एफ वाजली... स्वच्छ.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून मोठी भीती निराळीच होती. मला शिकवून झालं, की हा जाणार.

"अहो... मला न्हाय शिकायचं. तुमीच वाजवत ऱ्हावा..."

तारा थांबल्या. मग माझं गाणं पहिल्यापासून सुरू झालं. सावकाश. प्रत्येक कॉर्ड बदलताना नवशिक्याची वाट बघावी, तसं थांबत थांबत. शेवटची तार थरथरून गप्प झाली, तेव्हा सासूबाई पदरानं डोळे पुसत दाराशी आल्या.

"आज पुरं वाजवलंस की गं, हर्षाली..."

मी पाठीमागचे हात हळूच पुढे घेतले.

भोंगा अजून रोज होतो. गिटार मात्र मी हात लावल्याशिवाय बोलत नाही. एफ आता माझी मलाच येते. त्या रात्रीनंतर सकाळी उठले तर माझ्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे आलेले होते, टणक. गालावरून ती बोटं फिरवली की अगदी तशीच खरखर होते, आणि मी रडून घेते. हात माझाच आहे, हे काय मला कळत नाही?

पण कधी कधी पहाटे जाग येते, तेव्हा माझे दोन्ही हात गोधडीच्या आत असतात... आणि गालावरून खरखर फिरत असते.