टकटक झाली की थांबायचं

खोटं लिहिताना पकडलं की मला आधी राग येतो, लाज नंतर. त्या दिवशीही तसंच झालं.

वैजापूरहून संभाजीनगरला येणारी एसटी उशिरा पोचली. कॉलेज नवीन, वर्ष शेवटचं आणि पहिलंच प्रॅक्टिकल... स्क्रू गेजनं तारेची जाडी मोजायची. मी आपली मामेबहिणीच्या गेल्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवत बसले.

"पॉइंट पन्नास?" शेजारून आवाज आला. "तार बदललीय, मॅडम. आता पॉइंट सेहेचाळीस हाय."

हा अभय, छावणीतला. सकाळी वाळूजच्या वर्कशॉपमध्ये काम करून यायचा, हातांना ऑइलचा वास. एवढ्याशानं कुणाचं काय बिघडतं, मी फणकारले. तो वाद घालत बसला नाही. मी शहरातल्या मावशीसाठी आणलेल्या कांद्यांच्या पिशवीतला एक कांदा त्यानं मागितला, आतला पारदर्शक पापुद्रा अलगद सोलला आणि गेजमध्ये धरला.

"हळू फिरव. टकटक झाली की थांबायचं. पुढं दाबलं तर वस्तू दबती, खरं माप नाय मिळत."

मी फिरवलं. टक्... टक्. त्यानं स्केल वाचायला शिकवलं. मिलिमीटरचे शंभर भाग, त्यातले फक्त पाच! कांदा चिरताना जो पापुद्रा मी जन्मभर बोटाला चिकटला म्हणून झटकून टाकला, त्यालासुद्धा जाडी होती. आणि ती माझ्या हातात मोजली गेली होती. अंगावर सर्रकन काटा आला. घरी जाईपर्यंत एसटीत मी बोटं न्याहाळत होते.

मग नादच लागला. एसटीचं तिकीट, मोगऱ्याची पाकळी, माझा केस... प्रत्येकाची पाच-पाच रीडिंगं. त्या नादात मी अभयमध्ये पुरती गुंतले, सरळच सांगते. तो मात्र आकड्यांपलीकडं चकार शब्द बोलेना.

मार्चमध्ये त्याला बिडकीनच्या कंपनीत नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं. म्हणजे शनिवारचं प्रॅक्टिकल शेवटचं, त्यानंतर भेटायला निमित्तच उरणार नव्हतं. दिवसभर मी वाट पाहिली. हा आपला तारांची जाडी मोजतोय!

सगळे निघाले, तेव्हा तो म्हणाला, "एक माप राहिलंय. हात दे जरा..."

माझं अंगठीचं बोट त्यानं गेजमध्ये धरलं. गार लोखंड टेकलं. टक्... टक्... तो थांबला.

"तनुजा, हे माप मी कशाला —"

"टकटक झाली ना?" मी म्हटलं. "मग थांब. कळलं मला."

"आणि... उत्तर?"

"व्हय."

एकही रीडिंग न चुकवणाऱ्या माणसाचं स्केलकडं लक्षच नव्हतं. शेवटी मीच वाकून पाहिलं आणि जर्नलच्या मागच्या पानावर लिहिलं — पंधरा पॉइंट बत्तीस. या वेळी मोजून.