एकही सूचना आली नाही!

“अरे, वल्हं मार की! झोपलास का?” बडबडी ओरडली.

“मारतोय ना! तू नुसतं तोंड चालव!” टिल्लूही कमी नव्हता.

सगळ्यात मोठी चष्मिस होडीच्या टोकाशी पालथी पडून लव्हाळ्यात अडकलेला कागद ओढत होती. सुट्टीत मावशीकडे आलेल्या या तीन भावंडांना मावशीने तिची छोटी होडी दिली होती खरी, पण अटी घालून! अंगात जाकीट हवंच आणि होडी लांब दोरीने काठाला बांधलेली हवी. मावशीपुढे कोणाची टाप होती?

“हा सातवा कागद!” चष्मिस म्हणाली. “सगळ्यांवर एकच लिहिलंय, ‘जलमार्ग अधिकारी यांस’. आणि हे अक्षर बघा!”

तिघांनीही ते अक्षर ओळखलं. मावशीचं!

तीन संध्याकाळी बसून मावशीने ते पत्र लिहिलं होतं. नव्या नियमांचा मसुदा आला होता आणि त्यात लिहिलं होतं, नदीच्या चिंचोळ्या भागातून यापुढे फक्त मोटरबोटी जातील, वल्ह्याच्या होड्या बंद! माणसांना पलीकडे पोचवणं हे मावशीचं काम. होडी बंद म्हणजे मावशीचं कामच बंद. कोणाला काही सांगायचं असेल तर आज पाचच्या आत धक्क्यावरच्या सूचनापेटीत टाकायचं होतं. मावशीने पत्र आठवड्यापूर्वीच टाकलं होतं. मग ते इथे चिखलात कसं?

तिघं धावत धक्क्यावरच्या कचेरीत गेली. कारकून काका पेपरातलं कोडं सोडवत होते.

“काका, सूचनापेटी उघडली का हो?”

“उघडायची कशाला? पुढे काच आहे. रोज डोकावतो. रिकामी!”

“पण एकदा उघडून तरी बघा ना!”

“किल्ली सापडत नाहीये. आणि रिकाम्या पेटीला किल्ली हवी कशाला?”

चष्मिसने ओले कागद पुढे केले. काकांनी नाक मुरडलं. “कचऱ्यातलं उचलून आणलंत होय? चालायचं नाही. सूचना पेटीतच पडली पाहिजे. नियम म्हणजे नियम! पळा आता!”

पेटी कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, थेट पाण्यावर टांगलेली होती. टिल्लूने आडवं पडून खालून पाहिलं आणि तो किंचाळलाच. “अगं ताई, हिचा तळ कुजलाय! मागे हाऽ एवढी फट आहे!”

“म्हणजे लोक वरून टाकतात आणि खाली नदी वाचते!” चष्मिस म्हणाली. “थांब, खिळा ठोकते.”

“खबरदार हात लावलास तर!” बडबडीचे डोळे चमकले. “आहे तशीच राहू दे. आधी लव्हाळ्यातले सगळे कागद गोळा करू.”

दुपारभर मावशी नदीवर कामात होती आणि इकडे तिच्या अंगणातल्या दोरीवर सत्तावीस कागद चिमट्यांना लटकून वाळत होते. काहींची शाई पसरली होती, पण वाचता येत होतं.

साडेचारला कचेरीत सुनावणी सुरू झाली. अधिकारी बाई बाहेरगावाहून आल्या होत्या. काठावरची माणसं दाटीवाटीने उभी होती. काकांनी घसा खाकरला. “एकही सूचना आली नाही. म्हणजे मसुदा सर्वांना मान्य आहे.”

“पण मी लिहिलं होतं हो...” मावशी पुटपुटली. तिचा चेहरा एवढासा झाला. बडबडीला ते बघवेना. तिने हात वर केला.

“बाई, पाच वाजायचेत अजून. मला एक सूचना टाकायचीये. काकांनीच टाकावी, म्हणजे नियमात बसेल!”

बाई हसल्या. “टाका हो.”

सगळे धक्क्यावर आले. काकांनी ऐटीत चिठ्ठी पेटीत सरकवली. “झालं समाधान?”

“आता काचेतून बघा ना, काका!”

काका वाकले. डोळे चोळून पुन्हा वाकले. पेटी रिकामी!

“पकडली!” खालून टिल्लू ओरडला. बांधलेल्या होडीत तो मासे पकडायची जाळी उंच धरून उभा होता आणि चष्मिसने त्याचं जाकीट मागून घट्ट पकडलं होतं. “वाचू? ‘पेटीला तळ बसवा!’”

अख्खा धक्का हसला. काका मात्र लाजेने लालेलाल झाले. बडबडीने वाळलेल्या कागदांचा गठ्ठा बाईंच्या हातात दिला.

“पण बाई, ते भिजलेले आहेत...” काका चाचरले.

“भिजले ते आपल्या हलगर्जीपणामुळे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मावशीचं पत्र मोठ्याने वाचलं. “‘होड्या बंद करू नका. चिंचोळ्या भागात मोटरबोटींनी वेग कमी करावा. आम्ही डाव्या काठाने जाऊ, त्यांनी उजव्या काठाने जावं. अठरा वर्षं मी माणसं नेते. एकालाही पाण्यात पडू दिलेलं नाही.’”

“मसुदा करताना आम्हाला हे सुचायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “होडीबंदीचं कलम मी आत्ताच काढते. ही सगळी पत्रं वाचून नियम नव्याने लिहू, तुम्हा सगळ्यांसमोर. आणि मुलांनो, शाबास! शोधलंत आणि सिद्धही केलंत!”

मावशीने तिघांना जवळ ओढलं. “मला वाटलं होतं, माझं पत्र वाचून फेकून दिलं असेल,” ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. मग डोळे पुसून तिने वल्हं उचललं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात हाक दिली, “चला, पलीकडे कोणाला जायचंय?”

गर्दीत मागे उभ्या असलेल्या कारकून काकांनी हळूच हात वर केला.