कोड एकाहत्तर-के

अवधूतनं जगन्नाथची खोडी काढायची यात नवीन काहीच नव्हतं. शॉमबर्गच्या मराठी मंडळात त्याची ख्यातीच तशी. एकदा त्यानं पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, यादीत एक अस्तित्वातच नसलेलं कुटुंब घुसवलं होतं, आणि नंतर चार जणांनी त्या कुटुंबाच्या बटाटेवड्यांची तारीफ केली होती. वय एक्कावन्न, नोकरी इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. पाच दिवस दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि शनिवार-रविवार स्वतः पेरायच्या, असा त्याचा आठवडा.

जगन्नाथ त्याचा नागपूरच्या कॉलेजपासूनचा दोस्त. त्यानं दोन वर्षांपूर्वी आयोवातल्या एका शेतावरून सत्तर सालची दोन दारांची गाडी उचलून आणली होती. पण चालवण्यापेक्षा ती वाचण्यातच त्याला जास्त रस. त्या काळी फॅक्टरीत प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरायचा. त्यावर चौकटी, चौकटींत कोड. कुठला ॲक्सल, कुठला रेडिओ, हीटर हवा की नको, सगळं त्या आकड्यांत. काम झालं की कामगार तो कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कोंबायचे, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर ठेवून विसरायचे. पंचावन्न वर्षांनी असा कागद सापडला की जगन्नाथसारख्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याच्या सीटमध्ये मात्र उंदराचं घरटं निघालं होतं. दोन महिने त्यानं सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं.

म्हणून अवधूतनं त्याच्यासाठी एक कागद बनवला.

जीव ओतून बनवला. एका गराज सेलमधून जुन्या वहीची कोरी पानं आणली, चहात भिजवली, ओव्हनमध्ये शेकली, कडा कानशीनं कुरतडल्या. गाडीवरच्या पाट्यांशी जुळवून सगळे कोड खरेखुरे टाकले. फक्त शेवटच्या चौकटीत एक मनाचा: ७१के. असा कोड कुठल्याच यादीत नव्हता, हे त्यानं तीनदा तपासलं. जगन्या तीन महिने डोकं आपटेल आणि नाताळच्या पार्टीत सगळ्यांसमोर आपण खरं सांगू, असा बेत. सप्टेंबरात जगन्नाथ पाणी आणायला आत गेला तेव्हा अवधूतनं तो सीटच्या डाव्या, न उसवलेल्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगांत सरकवला.

आठ दिवसांनी फोन आला. जगन्नाथचा आवाज फुटत होता. "सापडला यार. देवयानीनंच काढला. ती कॉलेजमधून आली होती, तर मागं बसून वाचून दाखवला मला. आणि ऐक, एक कोड कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच?" अवधूतनं हसू गिळलं.

देवयानी म्हणजे जगन्नाथची मुलगी, एकोणीस वर्षांची, अर्बानाच्या कॉलेजात शिकणारी. पाळण्यातली असल्यापासून अवधूतच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

ऑक्टोबरभर जगन्नाथनं गाडीवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकले. उत्तर एकच आलं. त्या फॅक्टरीत एकतीस वर्षं काढलेला वॉल्टर नावाचा म्हातारा, त्यानं लिहिण्याऐवजी फोन केला.

"काय म्हणाला?" अवधूतनं विचारलं.

"म्हणे, ७१के लाइनवर आली की आम्ही डबा खायला जायचो. कागद निघाल्यावर त्या सीटवर पहिलं कोण बसलं ते विचारत होता. मी म्हटलं, माझी मुलगी. मग म्हणाला, गाडीचं वजन करून बघ. आणि ठेवला फोन."

अवधूत खूश झाला. त्याला वाटलं, म्हातारा आपल्याच जातीचा निघाला.

पण गाडी खरंच बसायला लागली. मागून, डाव्या बाजूला, दोन बोटं. जगन्नाथनं त्या बाजूची स्प्रिंग बदलली. गाडी पुन्हा बसली. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा नव्या टाकल्या, तरी तेच. त्याला मजा वाटत होती. अवधूतला का कोण जाणे, तितकी वाटेना.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी सकाळी जगन्नाथनं रेसिंगवाल्या मित्राकडून चार वजनकाटे आणले, चार चाकांखाली ठेवायचे. दीपाला, म्हणजे अवधूतच्या बायकोला, ग्रोसरीला जायचं होतं. ती अवधूतला जगन्नाथच्या दारात सोडून गेली. गराजचं दार उघडं होतं, ऊन स्वच्छ होतं, आणि आतमध्ये ग्रीसचा नि जुन्या रेक्झिनचा वास. घरातून गराजमध्ये उतरायला तीन लाकडी पायऱ्या होत्या. त्या कुणीही उतरलं तरी कुरकुरायच्या.

देवयानी उतरली तेव्हा कुरकुरल्या नाहीत.

"हाय काका." तिचा कोपर बँडेजमध्ये होता.

"हे काय गं?"

"विंड, काका. अर्बानात इतकी विंड आहे ना यावर्षी. बसस्टॉपवर उभी होते, तर ढकललंच मला. स्ट्रेट रस्त्यात. एका व्हॅननं असा ब्रेक मारला." ती हसली. "माझ्या रूममेटला काहीच होत नाही. मलाच."

"खात नाही नीट," जगन्नाथ काट्यांच्या वायरी जोडत म्हणाला. "बघ रे आता. मागची उजवी बाजू, सातशे चाळीस. मागची डावी, आठशे बावन्न."

एकशे बारा पाउंड जास्त. गाडीत कुणी नव्हतं. डिकी रिकामी होती.

"काटा खराब असेल," अवधूत म्हणाला.

जगन्नाथनं डावा-उजवा काटा अदलाबदल केला. आकडे तेच आले. मग काट्याच्या कडेवर पाय दाबला. आकडा टणकन वर गेला, पाय काढल्यावर खाली आला.

अवधूतनं देवयानीकडे पाहिलं. "देवू, तुझं वजन किती आहे गं?"

"काका. असं विचारत नाहीत."

"सांग ना."

"हंड्रेड ट्वेल्व्ह. समरमध्ये होतं. व्हाय?"

"जगन्या, तो कागद मी बनवलाय," अवधूत म्हणाला. "चहात भिजवून. ७१के माझ्या मनाचा आहे. असा कोडच नाहीये."

जगन्नाथनं वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "वा. आता हे नवीन काढलंस."

"आईशप्पथ सांगतो."

"तू दहा वेळा आईशप्पथ घेतलीयस माझ्यासमोर." तो बाकाकडे गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून त्यानं अवधूतच्या हातात दिला. "स्प्रिंग बदलताना टाकी उतरवली मंगळवारी. पट्ट्यांचे बोल्ट गंजून इतके धरले होते की कापून काढले. पंचावन्न वर्षं हात लागला नव्हता कुणाचा. टाकीवर हा होता. हाही तूच बनवलास का?"

कागद गंजानं नारिंगी झाला होता, टाकीचे उंचवटे त्यावर उमटले होते. अवधूतनं बनवलेल्या कागदापेक्षा त्याची शाई फिकी होती. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, ७१के.

अवधूतनं तो कागद बाकावर ठेवला.

"देवू, जरा मागं बस," तो म्हणाला. "डावीकडे."

"हे काय चाललंय तुम्हा दोघांचं," म्हणत देवयानी पुढची सीट वाकवून आत शिरली, बसली.

आठशे बावन्न.

"नीट बस. पाय वर घे."

"बसलेय मी काका."

आठशे बावन्न.

ती बाहेर आली. आकडा हलला नाही.

जगन्नाथ टाळी देत म्हणाला, "मॅग्नेट लावलंस कुठंतरी. खरं सांग." त्याला मुलीच्या बँडेजकडे बघायचं सुचत नव्हतं. सोमवारी ती अर्बानाला परत जाणार होती, त्या वाऱ्यात, त्या रस्त्याकडेला.

अवधूतनं चष्मा काढून बाकावर ठेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"काय करतोयस?"

"मी बसतो."

"तू कशाला?"

"खोडी माझी आहे ना."

तो वाकून आत शिरला. डावीकडची सीट गरम होती, नुकतंच कुणी उठल्यावर असते तशी. पण देवयानी उठून पाच मिनिटं झाली होती. तो पाठ टेकून बसला. शेजारी कुणीतरी जागा करून दिल्यासारखी स्प्रिंग हळूच वर आली.

बाहेर जगन्नाथ आकडे वाचत होता. "आठशे बावन्न... आठशे दहा... खाली कसं येतंय हे... सातशे चाळीस." मग, "नऊशे चोवीस. तू एकशे चौऱ्याऐंशी का रे? ढोल्या."

अवधूत बाहेर आला. त्यानं आकड्याकडे पाहिलं नाही.

"देवू, आत जा. घरात."

"व्हाय?"

"जा ना बाळा."

ती पायऱ्यांवर चढली. तिन्ही पायऱ्या एकामागून एक कुरकुरल्या. अवधूतनं डोळे मिटून घेतले.

"अवध्या, तू उतरलास ना?" मागून जगन्नाथचा आवाज आला. पहिल्यांदाच त्यात हसू नव्हतं. "मग हा आकडा नऊशे चोवीसवर का आहे?"

बाहेर हॉर्न वाजला. दीपा आली होती. अवधूत चष्मा उचलून चालायला लागला. जगन्नाथ दोनदा नावानं ओरडला, तरी त्यानं मागं पाहिलं नाही.

तो गाडीत बसला. बेल्ट लावला, सीटला पाठ घट्ट टेकवली, दोन्ही पाय खाली दाबून धरले. मागं पिशव्यांत कोथिंबिरीचा वास होता.

"काय म्हणतायत भावजी?" दीपानं विचारलं.

"काही नाही. मजेत."

दीपानं गियर टाकला, मग थांबली. डॅशबोर्डवर त्याच्या समोर एक पिवळा दिवा लागला होता. पॅसेंजर एअरबॅग ऑफ.

"हे काय आता," ती म्हणाली. "सीट रिकामी असली की लागतो ना हा?"

तिनं बोटानं दिव्यावर टिचकी मारली. "अवधूत, जरा नीट बस ना."