चिकटलेली पानं

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाला बावन्न गुण द्यावेत की नाही, या काळजीनं दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिनं वाचलं होतं, शेवटचंही. मधल्या दीडशे पानांच्या वेळी तिच्या लेकीला, चिमणीला ताप होता. निदान स्वतःला सांगायला कारण तरी बरं होतं. त्यात त्या विद्यार्थिनीच्या गाईडचा फोन: "मुलगी जरा आगाऊ आहे हो, मॅडम. बाकी तुम्ही जाणत्या आहात." पंचावन्नच्या खाली आली, की मुलीचं पुढचं शिक्षण बंद. म्हणून तर बावन्न अजून पेन्सिलनंच लिहिलेले. पेन सकाळी.

मंगळवारी रात्री सव्वाअकराला वीज गेली. चिमणी आत झोपली होती. परीक्षा विभागातून निवृत्त झालेले सासरे मेणबत्तीपाशी येऊन बसले. दिरानं छेडलं, "बाबा, तुमच्या ऑफिसात भुतं होती का हो?"

"भुतं कुठली? परीक्षक होते."

दीर खिदळला. सासरे हसले नाहीत.

"त्यातल्याच एकाची गोष्ट. माझ्या चांगल्या ओळखीचे सर. तेव्हा मुलं प्रबंधाची दोन पानं गोंदाच्या थेंबानं चिकटवायची. परत आल्यावर सुटलेली दिसली, तर परीक्षकानं वाचलंय. एका मुलीची तशीच परत आली. चिकटलेली. वर नापास. ती पानं घेऊन महिनाभर आमच्या खिडकीशी उभी असायची. आम्ही म्हणायचो, उद्या या. मग एक दिवस आली नाही... ती गेल्याचंच कळलं."

"आणि सर?" तिनं विचारलं.

"त्यांना रात्री आवाज यायचा. पान सुटल्याचा. चर्र... एका सकाळी उठले, तर घरातलं एकूण एक पुस्तक चिकटलेलं."

"गोंद कुणी लावला?"

सासऱ्यांनी मेणबत्ती तिच्याकडे सरकवली. मग तिच्याकडे बघत म्हणाले, "तू वाचलंस ना गं सगळं?"

यांनी फोन ऐकला असणार. मुद्दाम रचलेली गोष्ट. दुसरं काय! ती मेणबत्ती घेऊन तडक आत गेली.

पंधरा दिवस टेबलावर पडून असलेला प्रबंध तिनं चाळला. साठ... एकसष्ट...

पुढचं पान उलटेना.

म्हणजे या मुलीलाही आपला संशय होताच. तिनं कडेला बोट लावलं.

गोंद ओला होता.

तिनं गुणपत्रक ओढलं. बावन्न नव्हते. खोडलेले.

पलंगावर चिमणी जागी होती.

"चिमणे... तू खोडलंस?"

"मी नाही. ताईनं."

"कुठल्या ताईनं?"

चिमणीचा एक हात पांघरुणाच्या आतच होता.

"तिचा हात सोडव ना, आई. चिकटलाय."