चौथी गाडी हजर

आमच्या कंट्रोल रूमला एकच खिडकी आहे आणि ती जिन्यात उघडते. बाहेर ऊन आहे की ढग, हे आम्हाला गाड्यांवरच्या लोकांच्या आवाजावरून कळतं. मी सकाळी सातला येते. मोबाईल आत चालत नाही, तो बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. ठेवण्याआधी एकदा घरी फोन करते. सासूबाईंच्या हातातून फोन ओढून घेत माझी चार वर्षांची मुलगी म्हणते, "कंट्रोल, कंट्रोल, पिल्लू बोलतंय." मागे आमचा जुना पंखा कुरकुरत असतो. तेवढं ऐकलं की माझा दिवस सुरू होतो.

हे ती माझ्याकडूनच शिकली. आमची पद्धत तशी आहे: ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी दोनदा, मग आपलं. अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका यांचे चॅनल वेगवेगळे. मोठ्या प्रसंगात तिघांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक कॉमन चॅनल आहे. पूर्वी त्यावर गोंधळ व्हायचा. एकाच्या भाषेत सात म्हणजे आग, दुसऱ्याच्या भाषेत सात म्हणजे जेवणाची सुट्टी. म्हणून तिथे आकडे बंद केले. गाडीने साध्या शब्दांत जागा सांगायची आणि कंट्रोलने दोनपैकी एक उत्तर द्यायचं, "पुढे व्हा" किंवा "थांबा". थांबवलेली गाडी दर दहा मिनिटांनी हाक देते. उत्तर आलं नाही तर लागोपाठ तीनदा. तिसरी हाक निरुत्तर गेली तर कंट्रोलवर शेरा बसतो.

रोज दहाला या चॅनलवर हजेरी होते. त्या सोमवारी तिघांनी नेहमीसारखी हजेरी दिली. मी वहीत बरोबरच्या खुणा करून पेन ठेवलं.

"कंट्रोल, कंट्रोल. चौथी गाडी हजर. लाकडाच्या वखारीमागे आहोत."

पुरुषाचा आवाज, शांत, अदबीचा. कोणीही गाडीवरून बोललं की मागे इंजिन असतं, वायपर असतो, कोणाचा तरी खोकला असतो. याच्यामागे काहीच नव्हतं. बटण दाबलेलंच नाही अशी शांतता, आणि त्या शांततेत आवाज.

"पुढे व्हा," मी म्हटलं. सवयीने.

शेजारच्या टेबलावर काका बसतात. सहा महिन्यांनी निवृत्त होतील. तीस वर्षांत त्यांनी एकही तिसरी हाक चुकवलेली नाही, आणि हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात.

"काका, ही चौथी गाडी कोणाची?"

"असेल कुठल्यातरी नव्या खात्याची. आधी गाडी येते, मग कागद येतो. आपलं सरकार आहे बाळा, लग्नाआधी बारसं."

वीस मिनिटांनी वखार पेटली. पहारेकरी आत झोपला होता.

बुधवारी हजेरीला पुन्हा तोच आवाज. "चौथी गाडी हजर. शिवणकामाच्या कारखान्याचा जिना." काकांनी मला कोपराने ढोसलं, म्हणजे उत्तर दे. मी दिलं. जेवणाच्या सुट्टीआधी तो जिना बायकांसकट खाली आला. रुग्णवाहिकेवरचा माणूस चॅनलवर मला विचारत होता, "ताई, आमच्या आधी कोणाला पाठवलं होतं? इथे तर कोणीच नाही."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी यादी काढून दाखवली. तीनच नावं.

"आवाज तर आम्ही दोघांनी ऐकलाय, साहेब."

"मग कोणीतरी चावटपणा करतंय. लेखी द्या."

मी लेखी दिलं. पण रात्रभर मनात एकच गोष्ट घोळत होती. तो दोन्ही वेळा विचारत होता आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं होतं.

शुक्रवारी मुलीला ताप होता. पाळणाघरात तापाचं मूल घेत नाहीत, म्हणून ती सासूबाईंजवळ घरीच होती. नवरा कामासाठी दोन दिवस परगावी. मी निघताना तिने दारावर नवा मासा चिकटवला, वहीच्या कागदाचा, निळ्या खडूने रंगवलेला, एकच डोळा असलेला. दुसरा डोळा मी परत आल्यावर काढायचा, असं ठरलं.

दहाची हजेरी. अग्निशमन. पोलीस. रुग्णवाहिका.

"कंट्रोल, कंट्रोल. चौथी गाडी हजर. पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार."

माझ्या हातातलं पेन वहीवर टेकलेलंच राहिलं. शाई पसरत गेली.

"दारावर कागदी मासा आहे," तो म्हणाला. "एका डोळ्याचा."

"थांबा," मी म्हटलं.

"थांबतो."

एवढंच. त्याच्या आवाजात ना राग, ना घाई. काका दुसऱ्या चॅनलवर अपघाताचा पत्ता उतरवत होते. बंब पाठवू? काय सांगून? टेबलावरचे फोन लोकांच्या मदतीसाठी मोकळे ठेवायचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. मोबाईल बाहेरच्या कपाटात. पुढची हाक दहा वाजून दहा मिनिटांनी. घड्याळात दहा वाजून तीन.

मी काकांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी एक कान मोकळा केला.

"मी दोन मिनिटांत आले. चौथी गाडी बोलली तर तुम्ही काही बोलू नका. काही म्हणजे काहीच."

काकांनी मान हलवली आणि पुन्हा पत्ता उतरवू लागले.

कपाटाची किल्ली फिरायला वेळ लागला. सासूबाईंचा फोन लागत नव्हता. तिसऱ्यांदा लागला.

"आई, तिला घेऊन आत्ताच्या आत्ता खाली उतरा."

"अगं, आत्ताशी डोळा लागलाय तिचा. ताप उतरतोय. काय झालं?"

"काही झालं नाही. उतरा."

"काही झालं नाही तर आजारी पोर उन्हात कशाला न्यायचं? तुझं आपलं उठल्यासुटल्या काहीतरी असतं. परवा गॅस, काल खिडकीचे गज."

त्यांचं खरं होतं. मी अशीच आहे. म्हणून माझ्याकडे वेगळं सांगायला शब्दच उरले नव्हते.

"आई, मी पाया पडते तुमच्या."

पलीकडे पंखा कुरकुरत होता. मग त्या म्हणाल्या, "बरं, बरं. रडू नकोस. चपला घालते. दारात कोणी आलंय का बघते आधी. मघापासून वाटतंय कोणीतरी उभं आहे."

"दार उघडू नका."

फोन कट झाला होता. माझ्या हातून की त्यांच्या, माहीत नाही. पुन्हा लावला. वाजत राहिला.

मी धावत आत आले. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

काका हेडफोन उतरवून चष्मा पुसत होते.

"आलीस? बरं झालं. तुझा तो चौथा, फार सभ्य माणूस आहे हो. पहिली हाक सोडली, दुसरी सोडली, तुझ्या शब्दाखातर. तिसरी कशी सोडू? तीस वर्षांत सोडली नाही."

"काय म्हणालात त्याला?"

"काय म्हणणार? बिचारा दारात ताटकळत होता." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हटलं, पुढे व्हा."

मी टेबलावरचा फोन उचलून घरी लावला. काका काहीतरी म्हणाले, नियमाबद्दल असावं.

दुसऱ्या रिंगला उचलला गेला. ओढाओढ झाली नाही.

"कंट्रोल, कंट्रोल," माझी मुलगी म्हणाली.

मी तिचं नाव घेणार होते. तेवढ्यात लक्षात आलं, पंखा ऐकू येत नाहीये. मागे काहीच ऐकू येत नाहीये.

"चौथी गाडी," ती अदबीने म्हणाली. "आत पोहोचलो."