पलीकडच्या उतारावरून

रविवारची दुपार कलली होती. कवळ्या बनवणारी ती बाई आपल्या पुढच्या खोलीत एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची वरची कवळी घासत बसली होती. तीच तिची कामाची जागा. भिंतीच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाचा आणि गुलाबी द्रावाचा उग्र वास भिंतींत मुरलेला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओचा सेट. हात कवळीवर, कान सेटकडे, अशी तिला वर्षानुवर्षांची सवय होती.

नवरा सकाळीच डोंगरावर गेला होता. तो पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा आणि हौसेसाठी रिपीटर. डोंगरमाथ्यावर हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबची पत्र्याची खोली होती, तिच्या डोक्यावर अँटेना, आणि आत हा रिपीटर. खाली गावातून कुणी हातातल्या लहानशा सेटवर बोललं, की रिपीटर ते ऐकायचा आणि त्याच क्षणी दामदुप्पट ताकदीने सगळीकडे पसरवायचा. डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्या खोऱ्यात, दुसरा क्लब होता आणि त्यांचा वेगळा रिपीटर. दोन्ही रिपीटर लिंकने जोडले, की पलीकडचा माणूस इकडे ऐकू यायचा, इकडचा तिकडे. आवाज कुठून आला हे ओळखायची खूण सोपी होती. अलीकडचा माणूस बोलून थांबला की एकदा टीप वाजायची. पलीकडचा असेल तर दोनदा, टीप-टीप.

गेल्या वादळात ही लिंक तुटली होती. रविवारी संध्याकाळी रेडिओवर दोन्ही क्लबांची एकत्र हजेरी व्हायची, आणि हजेरी घ्यायची ती. त्या दिवशी रेडिओवर कुणी अडचणीत सापडला, तर कुणाला धाडायचं, कुणाला माघारी बोलवायचं, हा शब्द हजेरी घेणाऱ्याचा. नियम साधा होता, आणि आजवर त्याची गरज क्वचितच पडली होती.

“लिंक लागली गं!” सेटमधून नवऱ्याचा आवाज आला. धापा टाकत होता. “पलीकडचे, ऐकताय का?”

टीप.

“ऐकतोय की,” पलीकडचा गुरांचा डॉक्टर म्हणाला. “आठवडाभर तुमच्या गावची भांडणं कानावर नाहीत. करमेना आम्हाला.”

टीप-टीप.

“लिफ्टवाल्या,” पोस्टातले काका मध्येच घुसले. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. “जन्मभर लोकांना उभ्या जागी वर नेलंस, आणि स्वतः मात्र गुडघे फोडत चढतोस. काय म्हणावं तुला!”

“काका, वर धुकं दाटायला लागलंय, गप्पा नंतर. अगं, निघालो मी. चहा टाक.”

“धुकं असेल तर थांबा हो तिथेच,” ती म्हणाली.

“थांबलो तर तूच म्हणशील, त्या रिपीटर-सवतीकडे मुक्काम केला.”

रेडिओवर हशा पिकला. तीही हसली आणि कवळी पुन्हा घासू लागली.

धुकं आधी डोंगराच्या खांद्यावर बसलं. मग हळूहळू उतरत, घरांची छपरं गिळत गल्लीत आलं. समोरच्या घराची खिडकी दिसेनाशी झाली. सायकलची घंटा, मुलांचा गलका, कुठलं तरी दार आपटणं, असले रोजचे आवाज एकेक करून बंद पडले. उतरताना वळणावरून नवरा नेहमी सेटवर एक हाक द्यायचा. आज ती हाक आली नाही. चहाचं पाणी दोनदा उकळून निवलं.

“वहिनी, पोचला का तो?” काकांनी विचारलं.

“नाही अजून.”

आणि तेवढ्यात आवाज आला. बारीक, खरखरीत, खोल विहिरीतून यावा तसा.

“अगं... ऐकतेस का? वाट चुकलो. धुक्यात पलीकडच्या उताराला लागलो. दगड निसटला... पाय अडकलाय खाली. आपला रिपीटर इथून लागत नाही, पलीकडचा धरलाय.”

टीप-टीप.

तिच्या हातातली कवळी टेबलावर पडली.

“लिफ्टवाले, हलू नका,” डॉक्टरचा आवाज क्षणात बदलला होता. “आम्ही चारजण निघतो. आजूबाजूला काय दिसतंय?”

“काही दिसत नाही. पाणी वाजतंय... खाली कुठेतरी.”

“अहो, बोलत राहा,” ती म्हणाली. “माणसं येतायत. झोपू नका. माझ्याशी बोलत राहा.”

“थंडी फार आहे गं...”

टीप-टीप.

ती उत्तर द्यायला बटण दाबणार, तोच सेट पुन्हा जिवंत झाला.

“अगं, आलो मी. गल्लीत शिरतोय. दार उघड.”

टीप. एकदाच.

आवाज त्याचाच होता. तीच ओढ, शेवटच्या शब्दावर तोच भार. मग काका चिडून म्हणाले, “हा कसला चावटपणा? कोण आहे ते? इथे माणूस मरायला टेकलाय!”

तिच्या सेटवर एक बटण होतं. ते दाबलं, की डोंगरावरचा रिपीटर मधून वगळला जायचा, आणि बोलणारा अगदी जवळ असेल तरच त्याचा आवाज थेट यायचा. तिने ते दाबून धरलं. काही क्षण नुसती खरखर. आणि मग सेटवरचा सिग्नलचा काटा शेवटाला जाऊन टेकला. आवाज इतका स्वच्छ होता की मधला श्वाससुद्धा ऐकू आला.

“दार उघड ना.”

पाठोपाठ बाहेर कडी वाजली.

ती उठली. फळीवरचे जबडे, टेबलाची कड, दाराची चौकट, असा एकेकाचा आधार घेत गेली आणि दार उघडलं. नवरा उभा होता. केस ओले, खांद्यावर धुक्याचे थेंब, चेहऱ्यावर दमल्याचं ओळखीचं हसू. तिने त्याचा हात धरला. एवढ्या धुक्यातून येऊनही हात छान ऊबदार होता. तिला रडू फुटलं.

“वेडी का काय? आलो ना मी.”

मागून, खिडकीतल्या सेटमधून, बारीक आवाज आला.

“अगं... कोण आलंय?”

टीप-टीप.

नवरा सरळ सेटपाशी गेला. माइक उचलून शांतपणे म्हणाला, “मी घरी पोचलोय. तिकडे कुणीतरी टारगट माझी नक्कल करतंय. डॉक्टर, माणसं माघारी फिरवा. उगीच धुक्यात कुणाचा पाय घसरायचा.”

डॉक्टर म्हणाला, “वहिनी, तुम्ही सांगा. आज शब्द तुमचा.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर होता. हाताला लागत होता. रेडिओतला आवाज फक्त आवाज होता. कुणाला विचारलं तरी काय सांगितलं असतं?

“हो,” ती म्हणाली. “हे पोचलेत घरी. फिरवा माणसं.”

“नको... अगं, ऐक, त्याला घरा—”

नवऱ्याने सेटवरचे लिंक चालू-बंद करायचे आकडे दाबले. लिंक बंद झाली. शब्द मधोमध तुटला.

“सुटलो बाबा,” काका म्हणाले. “उद्या त्या नकलाकाराचे कान उपटतो की नाही बघ.”

तिने चहा केला. तो टेबलाशी बसला, तिच्या हत्यारांकडे, मेणाच्या तुकड्यांकडे कौतुकाने बघत. अशा कौतुकाने त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो नेहमी नाक धरून या खोलीतून जायचा, म्हणायचा, “तुझ्या या मंडळींनी तोंड मिटलं तर बरं.” आज काहीच म्हणाला नाही. कपाच्या वाफेत तो हसला, आणि धंद्याच्या सवयीने तिचं लक्ष दातांवर गेलं. त्याचा वरचा एक सुळा तिने स्वतः बनवलेला होता. रंग जरा चुकला होता, शेजारच्या दातांहून पिवळट. लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोतसुद्धा तो उठून दिसायचा. तिने पुन्हा नीट पाहिलं. आपला दात कुठला, तेच तिला ओळखता येईना.

उजेड कमी आहे, तिने मनाशी म्हटलं. धुक्याचा उजेड.

“सेट द्या तुमचा,” ती म्हणाली. “बॅटरी उतरली असेल, चार्जिंगला लावते.”

“सेट नाही.”

“नाही म्हणजे? मघाशी गल्लीतून बोललात ना?”

“राहिला,” तो चहावर फुंकर मारत म्हणाला. “त्याच्याकडे.”

विचारलं तर तो सांगेल, आणि ते ऐकून घ्यावं लागेल, याचीच तिला भीती वाटली. ती उठली. खिडकीपर्यंत गेली आणि त्याच्यादेखत सेटवरचे आकडे दाबले. लिंक उघडली तशी हलकी घरघर सुरू झाली. तो जागचा हलला नाही.

“अहो...” तिने हाक मारली. “अहो, ऐकताय का?”

सेटमध्ये नुसती घरघर.

“डॉक्टर, माणसं कुठवर आलीत?”

“अर्ध्या वाटेवर आहोत आम्ही परतीच्या. का वहिनी?”

“सगळे परत वर जा. पाण्याच्या अंगाला. उजेड आहे तोवर.”

“पण लिफ्टवाले तर घरी—”

“जा म्हणते ना! माझा शब्द आहे.”

बटण सोडलं आणि ती तशीच उभी राहिली, पाठ खोलीकडे करून. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. पावलं आली आणि अगदी जवळ थांबली. ओल्या दगडाचा वास आला, धुक्याचा नव्हे, कधीच ऊन न लागलेल्या दगडाचा.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “त्याला थंडी सोसत नाही.”

मग त्याने स्टूल ओढून तिच्या शेजारी मांडलं आणि बसला. सेटकडे बघत, तिच्यासारखाच, बातमीची वाट बघत. बाहेरचा उजेड विझत गेला. तिने दिवा लावला, तेव्हा त्याने डोळे जरा आकसले, इतकंच. दाराकडे जावं, शेजाऱ्यांना ओरडून बोलवावं, असं तिच्या मनात आलं. पण सेट सोडला तर पलीकडच्यांना वाट कोण सांगणार? तिथे तो, आणि इथे हा. ती बसून राहिली. काका एकदा विचारून गेले, “काय चाललंय वहिनी?” तिने सांगितलं, “थांबा काका.” हळूहळू तिला जाणवलं की शेजारी श्वासाचा आवाज येत नाहीये. ती श्वास घेते तेव्हाच त्याची छाती हलते, तिच्यामागोमाग, शिकत असल्यासारखी.

“वहिनी!” डॉक्टर जवळजवळ ओरडलाच. मागे माणसांची बोलणी, दगडांची खडखड. “सापडले! पाय मोडलाय, पण शुद्धीवर आहेत. आणखी थोडा उशीर झाला असता तर... जाऊ दे. घ्या, बोला.”

टीप-टीप.

तिने दोन्ही हातांनी सेट धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती रडते आहे हे तिलाच कळत नव्हतं.

“अगं,” नवऱ्याचा आवाज आला. दमलेला, थरथरता. “मघाशी मी केवढा ओरडत होतो. सांगत होतो, त्याला घरात घेऊ नकोस. तो डोंगरावरच्या खोलीपासून माझ्यामागे होता, माझं सगळं बोलणं हळूच म्हणून बघत होता... ऐकू आलं का तुला?” मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “घरी एकटीच आहेस ना तू?”

टीप-टीप.

तिचा अंगठा बटणावर होता. उत्तरासाठी सगळा डोंगर, दोन्ही खोरी गप्प राहून ऐकत होती. शेजारच्या स्टुलावरून तो तिच्या कानाशी वाकला, आणि आजारी माणसाला त्रास नको म्हणून घरातलं कुणी सांगतं तशा समजुतीच्या सुरात पुटपुटला,

“हो म्हण...”