बिराप्पाची झोळी

माझी तान्ही सृष्टी झोपत नव्हती, एवढंच कारण. पुस्तकं वाचून झाली, डॉक्टर करून झाले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "कवठे महांकाळच्या मळ्यात आबांकडं जुनी झोळी आहे. आपली सगळी पोरं तिच्यातच झोपली." शिकलेली असल्यामुळे मी हसले, आणि हताश असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी बाळाला घेऊन सांगलीहून गाडी काढली.

कृष्णात आबा माझे चुलत सासरे. मळ्यात एकटेच राहतात. त्यांचे वडील अर्जुना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एका विनाशिकेवर, म्हणजे वेगवान युद्धनौकेवर, बॉयलरच्या खोलीत कामाला होते.

"गावात प्यायला पाणी न्हाई, आन् आमचा बा आरमारात! लोक लय हसायची," आबा म्हणाले.

झोळी स्वयंपाकघरात टांगलेली होती, जाड पिवळट कॅनव्हासची. स्वयंपाकघर मात्र अर्जुनांनी विचित्रच बांधलेलं. बाहेर लोखंडी दार, मग एक माणूस जेमतेम मावेल असा अंधारा बोळ, मग आणखी एक लोखंडी दार. आत चुलीवर चहा उकळत होता. सृष्टीला झोळीत ठेवलं आणि काय सांगू, तिनं डोळेच मिटले.

"एक दार लावल्याबिगर दुसरं उघडायचं न्हाई बरं का, सूनबाई."

"का हो, आबा?"

"बाच्या जहाजावर बॉयलरच्या खोलीला अशीच दोन दारं हुती. ते जहाज पळण्यासाठी केलेलं. लांब, अरुंद, पत्रा पातळ. आग भडकाय पायजे म्हणून पंख्यानं खोलीत हवा कोंबायची. त्या दाबानं जाळ भट्टीत ऱ्हातो. दोन्ही दारं एकदम उघडली, की हवा भायेर आन् जाळ मानसाच्या तोंडावर."

"मग कुणी उघडली?"

"औंधच्या बिराप्पानं. बाचा जोडीदार. टॉर्पेडो लागला, आत मानसं अडाकली. ह्यो वाचवाय धावला... मागचं दार लावायचं ऱ्हायलं." आबांनी झोळीवरून हात फिरवला. "जहाजावर समदी झोळीतच झोपायची, आन् मेलेल्याला त्याच्याच झोळीत शिवून समुद्रात सोडायचे. ह्याचं शिवण्याजोगं काय उरलंच न्हाई. झोळी तेवढी उरली."

बाळाला तिथून लगेच उचलायला हवं होतं. पण ती झोपली होती हो! मी झोप निवडली.

आबा म्हशीकडं गेले. मी गाडीतली दुधाची बाटली आणायला बाहेर आले. एक मिनिट, फक्त. टेकडीवरच्या पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. परतले तेव्हा एका हातात बाटली, दुसऱ्यात पिशवी. बाहेरचं दार तसंच उघडं टाकून मी आतलं दार ढकललं.

उघडेना.

आत सृष्टी एकदा रडली... आणि एकदम गप्प झाली.

हातातलं सगळं टाकून मी खांदा लावला. दार बोटभर हललं आणि परत आलं. वाऱ्यानं नाही. पलीकडून कुणीतरी पाठ टेकून उभं राहावं तसं. पत्रा तापलेला होता. वास सरपणाच्या धुराचा नव्हता, जळक्या तेलाचा होता.

"आबा! आबा, दार..."

"मागचं लाव!" आबा गोठ्यातून ओरडले. "आदी मागचं लाव, पोरी!"

मी बाहेरचं दार ओढलं. मिट्ट अंधार झाला. आणि आतलं दार सावकाश, आपोआप उघडलं.

चुलीतला जाळ झोळीकडं वाकला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो सरळ झाला. सृष्टी जागी होती, दाराशेजारी माणसाच्या उंचीवर बघून हसत होती. तिच्या गालावर तीट होती, काळी, तेलकट. मी तीट लावत नाही. त्यावरून सासूबाईंशी माझं चांगलंच वाजलंय.

आबांनी गाल पाहिला. "झोळी घिऊन जा," एवढंच म्हणाले.

मी आणली. मूर्ख म्हणा. स्वयंपाकघरात टांगली, सृष्टी आता तिच्यात झोपते. लोखंड तापून फुगतं, वारा दार दाबून धरतो, असं सगळं मी विश्वजीतला, म्हणजे नवऱ्याला, पटवून दिलंय. तो कालच कामासाठी साताऱ्याला गेला.

आज सकाळी फ्लॅटचं दार ओढून, किल्ली घेऊन, मी खाली दूध आणायला गेले. परत आले, जाळीचं दार उघडून मधल्या चिंचोळ्या जागेत शिरले आणि किल्ली फिरवली. दार ढकललं, तर बोटभर हललं आणि परत आलं.

मी मुकाट्यानं मागचं जाळीचं दार लावून घेतलं. मग आतलं उघडलं.

सृष्टी गाढ झोपेत. खिडक्या बंद. गॅस मी बंद करून गेले होते... शपथेवर सांगते, बंद करून गेले होते. शेगडीवर निळी ज्योत जळत होती, आणि ती झोळीकडं वाकलेली होती.